भिंतीवरील इतिहास : लॉस एंजेलिस येथील एक उदाहरण

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात टुजुंगा वॉश नावाचा ओढा आहे. पुराचे पाणी वाहून नेण्यासाठी त्याचे पात्र काँक्रीटने बांधून काढलेले आहे. त्याच्या उघड्या भिंतीवर चित्रकर्त्री ज्युडिथ बाका यांनी १९७६ ते १९८३ या काळातील पाच उन्हाळ्यांत मुलांकडून कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवून घेतला. चित्राची लांबी २,७५४ फूट, म्हणजे अर्ध्या मैलाहून अधिक आहे. एकंदर चारशेहून अधिक मुलामुलींचे हात या कामी लागले. पहिल्या उन्हाळ्यातील सुमारे ८० मुलांपैकी पुष्कळशी न्यायखात्याकडून आलेली होती. आपल्याकडे ज्यांस हाताबाहेर गेलेली म्हणतात, तशी.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की कुंचला शेवटी आला. प्रथम इतिहासाच्या अभ्यासकांशी चर्चा झाल्या, जुन्या माणसांच्या आठवणी ऐकून घेण्यात आल्या, मग कागदावर लहान आकृती तयार झाली. त्यामुळे बाहेरून आलेल्या लोकांचे नुसते गुणगान तेथे दिसत नाही. १८६९ साली पूर्ण झालेल्या लोहमार्गावर राबलेले चिनी मजूर आहेत. १९३०-४० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेती गमावलेली कुटुंबे आहेत. त्याच दशकात देशाबाहेर घालविलेले मेक्सिकन वंशाचे लोक आहेत. १९४२ पासून छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे लोकही आहेत. असे सुमारे १,२०,००० लोक होते आणि त्यांपैकी बहुसंख्य जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते.

शाळेच्या भिंतीवर असा उपक्रम घेताना निरनिराळे पोशाख व पगड्या काढून मोकळे होण्याचा मोह फार होतो. तो टाळावा. कोयना धरणामुळे उठून आलेले एखादे कुटुंब, वीटभट्टीवर आलेले मजूर, फिरता व्यवसाय सोडून स्थिरावलेले लोक गावात असतील. मुलांनी त्यांना दोनच प्रश्न विचारावेत : आपण कोठून आलात, आणि येताना काय बरोबर आणले? मिळालेली उत्तरे वर्गात वाचावीत, दुसऱ्या वडीलधाऱ्यांकडून पडताळून पाहावीत. चित्रासाठी गेरू, चुना व नीळ पुरेशी आहे. मात्र कोणत्याही घराची हलाखी त्या घराच्या संमतीवाचून भिंतीवर येऊ देऊ नये. अशा वेळी त्या मुलालाच आपले चित्र सुचवू द्यावे. ते बहुधा अपेक्षेपेक्षा निराळे निघते.

ऊसतोडणीच्या टोळ्या ज्या गावी येतात, तेथे भिंतीचा हातदोन हात भाग कोरा ठेवावा. ती मुले हंगामाबरोबर उशिराच शाळेत दाखल होतात.