फोनात ॲप आहे, पण वापरायची इच्छा किती? मोजायचं कसं

बंदीच्या दिवसांत आपल्यातली काही कुटुंबं उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेली होती. राम घाटावर क्षिप्रेची आरती बघताना एका मावशींना आठवलं, बीपीच्या गोळ्या घरीच राहिल्या. फोनात ई-संजीवनी होतं, मुलाने टाकून दिलेलं. तरी दोन दिवस त्या गोळीविना राहिल्या. म्हणाल्या, "मुलगा जवळ नव्हता, मी कशी करणार?"

आम्ही मात्र किती फोनांत ॲप आहे तेवढंच मोजत होतो.

ई-संजीवनी ओपीडी एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनात सुरू झाली. घरबसल्या डॉक्टरांशी बोलणं होतं, फी नाही, औषधाची चिठ्ठी फोनवर येते. पण सोय असणं वेगळं आणि ती वापरावीशी वाटणं वेगळं. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने 1989 मध्ये मांडलं, की नवं तंत्र घेताना माणूस दोन गोष्टी बघतो: उपयोग होईल का, आणि मला सोपं जाईल का. फिशफाइंडर घेताना आपण दुसरं काय बघतो? डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक विचारलं: स्वतःच्या मर्जीने करताय, की कुणी मागे लागलंय म्हणून? मागे लागणारा नसला की काम थांबतं. मावशींचं तेच झालं.

म्हणून आम्ही चार वाक्यं वाचून दाखवणार. तुम्ही बोटं दाखवायची. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं.

"याने माझी दवाखान्याची खेप वाचेल."
"कुणाच्या मदतीशिवाय मला हे जमेल."
"माझ्या तब्येतीसाठी मला स्वतःलाच हे वापरायचंय."
"घरचे सांगतात म्हणूनच वापरते."

या आकड्यांची बेरीज करायची नाही. पहिल्याला पाच आणि दुसऱ्याला एक बोट आलं, तर त्या बाईला भाषण नको, शेजारी बसून अर्धा तास सराव हवा. पहिल्यालाच एक आलं तर का ते विचारू. दवाखाना घराला लागून असेल, तर तिचं बरोबरच आहे.

सभेत विचारलं तर सगळेच हात वर करतात, हे आम्हाला ठाऊक आहे. नाखवासमोर खलाशीही पाचच दाखवणार. म्हणून प्रत्येकाला एकेकटं विचारू, बायकांना बाजार आटोपल्यावर. महिन्याने परत येऊ आणि मधल्या काळात स्वतःहून किती वेळा कॉल लावलात तेही विचारू.

छातीत दुखलं, दम लागला तर मात्र ॲप उघडत बसू नका, थेट 108 लावा.

रविवारपासून घरोघरी येतोय. एकच बोट दाखवलंत तरी आम्हाला राग नाही.