उभ्या बोटीची निगा

देवबाग, ता. मालवण
18 एप्रिल

चि. ओंकार,

तुम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतलेल्या बोटीचे फोटो पाहिले. अठरा फुटी फायबर आणि मागे चार स्ट्रोकचं इंजिन. सौदा वाईट नाही. पण तुझे सगळे प्रश्न चालवण्याचे आहेत: लाट कशी घ्यावी, खडक कसा चुकवावा. ते इथल्या पोरांबरोबर चार फेऱ्या मारल्यास की येईल. हौशी माणसाची बोट खडकावर क्वचितच फुटते. ती बिघडते दोन सुट्ट्यांच्या मधे, नुसती उभी असताना. मासेमाराची होडी रोज कुणाच्या तरी हाताखालून जाते. तुम्ही पुण्यात आणि बोट कर्लीच्या खाडीत, म्हणून हे लिहितो.

आधी इंजिन. परत आलास की चहाच्याही आधी त्याला दहा मिनिटं गोडं पाणी लावून चालव. थंड राहण्यासाठी आत खारं पाणी फिरतं, त्याचं मीठ वाळून वाटा बुजतात आणि पुढच्या खेपेला इंजिन तापतं. मागून पडणारी बारीक धार जोरात पडते आहे ना, हे बघत राहा. मात्र पाणी न लावता ‘सहज चालू करून बघू’ म्हणू नकोस; पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरलं की जळतंच. इंजिनच्या पायाला जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. तो झिजला म्हणून कुरकुरू नकोस, तो न झिजला तर पाय झिजेल. निम्मा उरला की बदल. आणि रंगकाम काढलंत तर त्याच्यावर ब्रश फिरवू देऊ नकोस, रंगाखाली तो निकामी होतो.

पंखाही अधूनमधून काढून बघ. खाडीत तुटक्या जाळ्यांचा तंगूस वाहत असतो. तो पंख्यामागे दांड्याला गुंडाळला गेला की आतलं सील कापतो, आणि वरून काहीच कळत नाही. कळतं ते गिअरच्या तेलावरून. खालचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. त्याच दिवशी मेकॅनिककडे ने.

उरलेलं पेट्रोल टाकीत ठेवून पुण्याला जाऊ नका. हल्लीच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते आपल्या दमट हवेतली ओल ओढून घेतं. ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि इंजिन आधी तळाचंच ओढतं. राहिलेलं मोटरसायकलला घाल.

दोरांबद्दल थोडकंच. दोर बोटीच्या काठावर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपाचा तुकडा चढव, आणि बांधताना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा हिशेब धर. ओहोटीला बांधलेला आखूड दोर भरतीला बोटीचं नाक पाण्यात ओढतो.

आता पाऊस. खरा घात तो करतो, आणि तोही गोड्या पाण्याने. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 100 लिटर पाणी. तुझ्या बोटीचा उघडा भाग सात चौरस मीटर धरला तर एका रात्रीत 700 लिटर, म्हणजे 700 किलो. आपल्याकडे जुलैत अशा रात्रींचं कुणाला नवल वाटत नाही. पाणी उपसणारा पंप बॅटरीवर चालतो आणि बॅटरी संपली की तोही गप्प. म्हणून पावसाळ्यात बोट पाण्यात नकोच. वर काढ, तळाचं बूच काढून इंजिनच्या चावीला बांध (म्हणजे पुढच्या हंगामात विसरणार नाहीस), आणि नाक जरा उंच ठेव. वजन मधल्या कण्यावर लाकडी ओंडक्यांनी पेल. बाजूचे टायर नुसत्या आधाराला. कडेच्या भागावर भार आला तर फायबर दबतं आणि पुढे तिथेच चिरतं. चीर आधीची असेल तर वरून लांबी फासून झाकू नकोस. आधी नीट वाळू दे, मग रेझिन आणि मॅट.

शाकारणी इथली माणसं करतात तशीच कर. मधे बांबूचं आढं, त्यावर ताडपत्री, दोन्ही टोकं उघडी. बोटीला चिकटवून घट्ट गुंडाळलीस तर आत घाम धरतो, बुरशी येते आणि वायरी हिरव्या पडतात. बॅटरी घरी आण. उंदरांचंही बघ, वायरीवरचं प्लास्टिक त्यांना फार आवडतं.

यांत्रिक मासेमारी 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंद असते, त्यामुळे मे अखेरीस सगळं बंदर एकदम होड्या वर काढतं. तेव्हा माणसं मिळत नाहीत आणि क्रेनही नाही. तुम्ही तिघांपैकी कोण कधी येणार ते आठवडाभरात कळव, म्हणजे मी सांगून ठेवतो.

तुझा,
दादामामा