सोलर बॅटरी पॅक बोटीवर नेण्याआधी हे वाचा



बंदी संपायला आता थोडेच दिवस राहिलेत. जाळी शिवून होत आली, इंजिनाची कामं चालू आहेत. यंदा संस्थेत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो : "तो हँडलवाला सोलर बॅटरी पॅक बोटीसाठी घ्यायचा काय?" केरी, हरमल, मोरजीचे बोटमालक विचारतात, आणि डिचोलीकडे मांडवीत रात्री जाळी टाकणारेही विचारतात. म्हणून आज हा धडा.

आधी चांगलं ते सांगतो. घरासाठी ही वस्तू कामाची आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडं आणि विजेचे खांब पाडले, तेव्हा अंधारात बसलेल्या घरांना हे सांगायला नको. बाजारात संध्याकाळी मासळी विकायला बसणाऱ्या भगिनींनाही एका दिव्यापुरता पॅक चालतो. पण घरात चालतो म्हणून दर्यात चालेल, असं नाही.

गेल्या हंगामात दोन रात्रींच्या फेरीला गेलेल्या आमच्या एका बोटीवर दिवा, जीपीएस आणि फोन, सगळं एकाच पॅकवर होतं. दुसऱ्या रात्री पॅक बंद पडला. दिवा गेला, फोनही गेला. बोट सकाळी सुखरूप आली, पण तोवर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या घरच्या माणसांनी काय सोसलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पॅक बिघडला नव्हता. हिशेब चुकला होता.

१. पेटीवरचा आकडा आणि हातात येणारी वीज

पेटीवर ५०० वॉट-तास लिहिलेलं असतं. घरातल्यासारख्या प्लगमधून वीज घेतली की आतला इन्व्हर्टर आपला वाटा खातो. हातात साधारण ४२५ येतात.

आता एका रात्रीचा खर्च बघा. २० वॉटचे दिवे १२ तास म्हणजे २४०. जीपीएस आणि मासळी दाखवणारं यंत्र मिळून १० वॉट, १२ तासांचे १२०. दोन फोनचे ४०. एकूण ४००. पहिली रात्र काठावर निभावली, शिल्लक २५.

दुसऱ्या दिवशी १०० वॉटचं पॅनल लावलं. पॅनलचा आकडा असतो २५ अंश तापमानाचा आणि सरळ कडक उन्हाचा. आपल्या उन्हात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतं आणि तापलं की वीज कमी देतं. बोट डोलते, दोरीची सावली पडते, काचेवर मीठ साचतं. १०० ऐवजी ६० वॉट मिळाले आणि चांगलं ऊन पाच तास लाभलं, तर ३०० वॉट-तास आत जातात. बाहेर येताना त्यातले २५५च उरतात. मागचे २५ धरून झाले २८०. पाहिजेत ४००. संध्याकाळी सहाला दिवा लावला, तर रात्री अडीचच्या आसपास अंधार. आणि ढग आले तर त्याही आधी.

अंधारातली होडी ट्रॉलरवाल्याला दिसत नाही. बोटीवर दिवा लागतो तो आपल्याला बघायला जेवढा, तेवढाच दुसऱ्याने आपल्याला बघावं म्हणून.

२. उघडा ठेवला तर खार, बंद ठेवला तर उष्णता

बहुतेक पॅकना थंड ठेवायला आत पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढतो, आणि दर्यावरची हवा म्हणजे मीठ आणि ओल. काही महिन्यांत आतल्या जोडण्यांवर हिरवट थर चढतो. हे टाळायला पॅक पेटीत बंद करून ठेवला, तर तो तापतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि दुपारी बंद केबिनमध्ये तेवढं तापायला वेळ लागत नाही. दोन्हीकडून अडचण. शिवाय बरेचसे पॅक पाण्यासाठी बनवलेलेच नसतात, आणि पाणी शिरून झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीचा कागद विकत घ्यायच्या आधी वाचा, नंतर नको.

३. खारं पाणी आत गेलं तर

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. बॅटरीत ते शिरलं की आतल्या आत शॉर्ट होतो, आणि आग लगेच न लागता काही दिवसांनीही लागू शकते. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयान वादळाचा तडाखा बसला, तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही विजेच्या गाड्यांनी पूर ओसरल्यावर पेट घेतला. आपला पॅक लहान, पण आतली बॅटरी त्याच जातीची.

म्हणून पाण्यात पडलेला पॅक पुसून, वाळवून पुन्हा चार्ज करू नका. घरात आणू नका. घरापासून, जाळ्यांपासून आणि इंधनापासून दूर, उघड्यावर ठेवा आणि कंपनीला कळवा. चालत्या बोटीत पॅकमधून धूर किंवा शिट्टीसारखा आवाज आला, तर हात लावू नका. वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका, तो धूर छातीत घेऊ नका, लांबून भरपूर पाणी मारा. लहान होडीत जागाच नसेल तर वल्ह्याने बाहेर ढकला. पॅकचे पैसे गेले तरी चालतील, आधी जीव.

रात्री खाटेखाली किंवा जाळ्यांच्या ढिगाशेजारी पॅक चार्जिंगला लावून झोपायचं नाही. नायलॉनचं जाळं पेट घ्यायला वेळ लागत नाही.

४. बंदीचे ६१ दिवस

१ जून ते ३१ जुलै बोट वर ओढलेली असते आणि पॅक कोपऱ्यात पडून राहतो. पूर्ण रिकामा ठेवला तर तो कायमचा मरू शकतो. पूर्ण भरून गरम जागी ठेवला तर त्याचं आयुष्य घटतं. साधारण अर्धा भरलेला, कोरड्या जागी ठेवा आणि महिन्याने एकदा बघा.

५. बिघडला तर कोणाकडे न्यायचा?

साधी १२ व्होल्टची शिशाची बॅटरी पेडण्यात, डिचोलीत कुठलाही बॅटरीवाला तपासून देतो, आणि जुनी झाली की भंगारात तिचे पैसे येतात. सीलबंद पॅक तो उघडत नाही, आणि भंगारवालाही सहसा घेत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. तेव्हा घेतानाच दुकानदाराला विचारा : "जुना झाल्यावर परत कुठे द्यायचा?" खाडीत किंवा कचऱ्यात टाकू नका.

मग करायचं काय?

• बोटीचे दिवे आणि जीपीएस बोटीत पक्क्या बसवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच ठेवा. पॅक जादा आधार म्हणून न्या, एकमेव आधार म्हणून नको.
• पॅक वापरलाच, तर १२ व्होल्टचा थेट सॉकेट वापरा. इन्व्हर्टरचा खर्च वाचतो. त्यावर इंजिनाचा स्टार्टर चालेल असं मात्र धरू नका, त्याला एवढा करंट झेपत नाही.
• घेताना "एलएफपी" म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा घ्या. ती उष्णता जास्त सोसते आणि जास्त वर्षं टिकते. बॅटरीवर आयएस १६०४६ आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.
• पॅक बोटीच्या तळाशी, साचलेल्या पाण्यात नको. उंचावर, सावलीत, घट्ट बांधून, इंधनाच्या टाकीपासून लांब ठेवा.
• साध्या सेलवर चालणारा टॉर्च आणि पूर्ण चार्ज केलेला एक फोन, दोन्ही पाणी न शिरणाऱ्या पिशवीत वेगळे ठेवा. तो फोन गाणी ऐकायला नाही.
• तटरक्षक दलाचा नंबर १५५४. फोनची रेंज नसेल तिथे व्हीएचएफचं चॅनल १६. संकटाचा इशारा देणारं डीएटी यंत्र असेल तर त्याची बॅटरी निघण्याआधी तपासा.

घरच्या माणसांना एक विनंती. बोट निघण्याआधी विचारा : "पॅक बंद पडला तर दिवा कशावर लागणार?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय डबा हातात देऊ नका.

पॅक आधीच घेतला असेल तर पेटीसकट संस्थेत घेऊन या. आपण एकत्र बसून लेबल वाचू आणि तुमच्या बोटीचा रात्रीचा हिशेब कागदावर मांडू. दर्यात हिशेब चुकण्यापेक्षा इथे चुकलेला बरा.

हंगाम सगळ्यांना सुखाचा आणि भरपूर मासळीचा जावो.