नदीकाठची एक सकाळ

पुण्याला आपले जाणे होतेच. कुणी दवाखान्यासाठी जातो, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी मुलाच्या खोलीवर. काम उरकले, की आपण स्टँडवर येऊन बसतो. पुढच्या खेपेला एक सकाळ राखून ठेवा आणि पुण्याची नदी पाहा. लाकडी पुलापासून बंडगार्डनपर्यंत रमतगमत दोन-तीन तासांची चाल आहे. सलग पायवाट नाही. कुठे काठाने, कुठे पुलावरून, कुठे रस्त्याने जावे लागते.

नदीचे नाव मुठा. ती सह्याद्रीतून येते. आंबी आणि मोसे या नद्या तिला मिळतात. शहराच्या वर खडकवासल्याला तिला धरण आहे.

आधी एक गोष्ट शिकून घ्या. नदीचा डावा काठ कोणता, उजवा कोणता? पाणी जिकडे जाते तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला येईल तो उजवा काठ. लाकडी पुलावर असे उभे राहिलात, तर उजवीकडे जुन्या पेठा येतील आणि डावीकडे डेक्कन, शिवाजीनगर. कागदोपत्री ‘उजवा कालवा’, ‘डावा कालवा’ असे लिहितात, तेही याच हिशेबाने.

लाकडी पूल आता लाकडाचा नाही. पेशव्यांच्या काळी तो लाकडाचा होता. पानिपतच्या लढाईनंतर १७६१ साली बांधला, असे सांगतात. आज तो दगडी आहे आणि त्याला संभाजी पूल म्हणतात. पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले.

तिथून खाली एक बुटका पूल दिसतो, तो भिडे पूल. धरणातून पाणी सोडले, की हा पूल पाण्याखाली जातो. मग पुणेकर छत्र्या घेऊन पाणी बघायला जमतात! रेडिओवर ‘इतके क्युसेक पाणी सोडले’ असे ऐकतो ना आपण? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. डोळा मिटून उघडेपर्यंत दोन घागरी गेल्या असे समजा. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून ३५,००० क्युसेकच्या आसपास पाणी सोडले होते. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. सिंहगड रस्त्याच्या बाजूला लोकांच्या घरांत पाणी शिरले. भोंगा वाजला किंवा पोलिसांनी हटकले, तर पात्रात थांबू नका. गाईगुरे, दुचाकी काही खाली ठेवू नका.

याहून मोठा पूर १२ जुलै १९६१ चा. पानशेतचे धरण नवे होते, काम पुरते झालेले नव्हते. ते खचू लागले, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण सकाळपर्यंत तगले. रात्री फुटते, तर झोपेतच किती माणसे गेली असती! सकाळी पानशेत फुटले, मग खडकवासलाही फुटले. लाकडी पूल पाण्याखाली गेला. पेठांतले वाडे ढासळले.

पुढे ओंकारेश्वराचे देऊळ लागते. पलीकडच्या काठाला बालगंधर्व रंगमंदिर आणि संभाजी बाग आहे. सकाळच्या उन्हात हे दृश्य फार छान दिसते. झाडांवर बगळे बसतात. निळा खंड्या दिसला, तर जवळ मासळी आहे असे समजा. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या मात्र घाण पाण्यातही चरतो. मला तर शेकाटेच जास्त दिसले.

कारण पावसाळा सरला, की धरणाचे पाणी नदीत फारसे येत नाही. ते नळाने शहराला आणि कालव्याने शेतीला जाते. मग पात्रात वाहते ते बहुतेक सांडपाणी. पाणी हिरवेगार दिसते, पण ती जलपर्णी. सांडपाण्याच्या खतावर ती माजते.

१९२३ साली झालेला शिवाजी पूल ओलांडला, की थोड्या वेळाने संगम येतो. इथे मुळा येऊन मुठेला मिळते. मुळेचे बरेच पाणी वर मुळशीलाच अडवून, वीज करण्यासाठी कोकणाकडे वळवतात. त्याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता.

शेवटी बंडगार्डन. इथला बांध जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतला. शेजारी जुना दगडी पूल आहे, त्यावर सिंह बसवले आहेत. त्यावरून आता गाड्या जात नाहीत. निवांत उभे राहता येते. बांधावरून पाणी पडते तिथे पांढरा फेस येतो. लांबून दूध उतू गेल्यासारखे वाटते. तो साबणाचा फेस, बरं का!

नदी सुधारायची मोठी योजना २०१६ साली मंजूर झाली. काठ बांधून फिरायला वाटा करण्याच्या कामाचे २०२२ साली भूमिपूजन झाले. त्यात झाडे जाऊ नयेत म्हणून २०२३ साली लोकांनी मोर्चा काढला. माझे म्हणाल, तर वाटा हव्यातच. पण आधी पाणी.

हे पाणी इथे थांबत नाही. मुंढव्याला ते पंपाने उचलून कालव्यात सोडतात, ते हवेली-दौंडच्या शेतात येते. उरलेले रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, उजनी धरणात साठते. तिथूनच सोलापूर शहराला प्यायला जाते. खाली पंढरपुरात आपण चंद्रभागेत बुडी मारतो, ती भीमाच. म्हणून नदीकाठच्या विहिरीचे पाणी नितळ दिसले, तरी तसेच पिऊ नका. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून त्याचा नमुना तपासायला धाडा.

परतताना सोलापूर रस्त्याची एसटी घ्या आणि डाव्या खिडकीशी बसा. भिगवण गेले, की उजनीचे पाणी मधून मधून दिसू लागते.