चार गाणी तयार, तारीख मात्र नाही

प्रश्न : मी अहिराणी गाणी लिहितो, घरीच रेकॉर्ड करतो. चार तयार आहेत; पण दरवेळी मिक्सिंगमध्ये खोट सापडते आणि प्रदर्शन लांबतं. काय करू?
– एक वाचक, एरंडोल

उत्तर : एकच गाणं निवडा. सूर-ताल सुटला असेल किंवा शब्द कळत नसतील, तरच पुन्हा गा. बाकीच्या खोटी बहुधा तुमच्याच कानाला टोचतात. आवाज ‘मोठा’ करण्यात तर रात्री घालवूच नका. स्पॉटिफाय सगळ्यांचीच गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा, हे मोजायचं एकक) पातळीवर आणून वाजवतं. हेडफोन काढून साध्या मोबाइलवर ऐका. खान्देशात गाणं आधी तिथे वाजतं, मग लग्नातल्या डीजेवर.

आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींनी आपली गाणी कधी लिहिली नाहीत. घरच्यांनी टिपून ठेवली. आचार्य अत्र्यांच्या आग्रहानं १९५२ मध्ये पुस्तक आलं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. प्रत्येकाला अत्रे भेटत नाहीत हो!

म्हणून आजच वितरक सेवेवर गाणं चढवा आणि महिनाभर पुढची तारीख टाका. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट-संपादकांकडे गाणं किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं, तेही त्यात जमेल. तारीख पडली की मूळ फाइल उघडायची नाही. हात शिवशिवले तर दुसरं गाणं घ्या.