मूत्रपिंड-प्रतिरोपण आणि लसीकेचा संचय

मूत्रपिंड-प्रतिरोपणात नवे मूत्रपिंड ओटीपोटाच्या एका बाजूस ठेवून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांशी जोडतात. या रक्तवाहिन्यांना सूक्ष्म लसीकावाहिन्यांचे जाळे वेढून असते. त्यांची कापलेली टोके उघडी राहिल्यास लसीका झिरपते आणि रक्तासारखी चटकन गोठत नसल्यामुळे साचत जाते. काही आठवड्यांनी या संचयाचा दाब मूत्रवाहिनीवर पडला, तर दात्याचे निरोगी मूत्रपिंडही शरीराने नाकारल्यासारखे भासते.

म्हणून बंगळूरच्या सरकारी 'इन्स्टिट्यूट ऑफ नेफ्रो-युरॉलॉजी'सारख्या संस्थेत असो वा अन्यत्र, दक्षतेचे सूत्र एकच : विच्छेदन आवश्यक तेवढेच करावे, लसीकावाहिनी बांधून मगच कापावी आणि पुढे सोनोग्राफीने लक्ष ठेवावे. तरीही त्रासदायक संचय झालाच, तर त्याला उदरपोकळीत वाट करून देतात. तेथे लसीका शोषली जाते.