आरोग्याचे दावे कसे पारखावे?

भाजल्या जागीं शेण लावावें, अमुक काढा प्याल्यास ताप फिरकत नाहीं, तमुक दोरा बांधल्यास मूल आजारी पडत नाहीं, असे बोल आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पूर्वीं ते पारावर व पाणवठ्यावर ऐकूं येत. आतां ते मोबाईलवर रात्रंदिवस येऊन आदळतात. त्यांतील खरें कोणतें हें सांगणाराच्या वयावरून किंवा थोरपणावरून ठरत नाहीं. निर्णय चुकला तर त्याची किंमत बहुधा घरांतील लहान मुलासच द्यावी लागते. म्हणून दावा पारखण्याची रीत आणि ती शिकविणारीं विनामूल्य साधनें ह्यांचा परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या रीतीचें मर्म एका शब्दांत सांगावयाचें तर तें तुलना होय. सन १८५४ मध्यें लंडन शहरांत पटकीची सांथ होती. दूषित हवेनें पटकी होते, असें तेव्हांच्या बहुतेक वैद्यांचें मत होतें, डॉ. जॉन स्नो ह्यांस मात्र पाण्याचा संशय होता. शहराच्या दक्षिण भागांत एकाच रस्त्यावरील घरांस दोन निरनिराळ्या कंपन्या पाणी पुरवीत. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या घाणीनें दूषित झालेलें थेम्स नदीचें पाणी घेई. लँबेथ कंपनीनें आपला पाणी घेण्याचा ठाव १८५२ मध्यें नदीच्या वरच्या अंगास नेला होता. स्नो ह्यांनीं घरोघर चौकशी केली. सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत पहिल्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३, तर दुसरीच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यु झाल्याचें आढळलें.

आतां वही घ्या. मृत्यूंच्या संख्येस घरांच्या संख्येनें भागून दहा हजारांनीं गुणा. पहिल्या बाजूस सुमारें ३१५ आणि दुसऱ्या बाजूस सुमारें ३७ असें उत्तर येईल. म्हणजे आठ पटींहून अधिक अंतर! ह्यांत दोन बोध आहेत. नुसती मृतांची संख्या पुरेशी नसते, ती कितींपैकीं हें पाहिलें पाहिजे. दुसरें, तुलना सारख्यांशीं सारख्यांची हवी. येथें दोन्ही बाजूंस श्रीमंत होते, गरीबही होते, आणि हवा तर एकच होती. भेद होता तो पाण्याचा.

असें अंतर केवळ योगायोगानें पडूं शकेल काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठीं ‘ओपनएपी’ नांवाचें विनामूल्य गणितसाधन इंटरनेटवर आहे. वरील आंकडे त्यांत भरून पाहावे. ‘जेम्स लिंड लायब्ररी’ ह्या विनामूल्य ग्रंथालयांत निःपक्षपाती चांचण्यांचा इतिहास वाचावयास मिळतो. ज्यांचें नांव त्यास दिलें आहे त्या लिंड ह्यांनीं १७४७ मध्यें स्कर्व्हीनें आजारी अशा बारा खलाशांच्या सहा जोड्या करून सहा उपाय ताडून पाहिले, व संत्रीं आणि लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली.

हें सारें मुलांच्या आवांक्यांतलें आहे काय? युगांडा देशांत ह्याचीच परीक्षा झाली. २०१६ मध्यें तेथील १२० प्राथमिक शाळांचे यदृच्छेनें दोन गट पाडण्यांत आले. एका गटास चित्रकथेचें पुस्तक व शिक्षकांसाठीं मार्गदर्शिका देऊन एका सत्रांत नऊ पाठ शिकविले; दुसऱ्या गटाचें शिक्षण नेहमींप्रमाणें चाललें. नंतर दहा हजारांहून अधिक मुलांची परीक्षा घेतली. पाठ शिकलेल्यांपैकीं शेंकडा ६९ उत्तीर्ण झालीं, इतरांपैकीं शेंकडा २७. हें पुस्तक ‘इन्फॉर्म्ड हेल्थ चॉइसेस’ ह्या नांवाच्या प्रकल्पाचें असून इंटरनेटवर विनामूल्य मिळतें. पालकांसाठींही तेथें ध्वनिमुद्रित पाठ तयार केले होते. ते ऐकलेल्या पालकांपैकीं शेंकडा ७१ उत्तीर्ण झाले, न ऐकलेल्यांपैकीं शेंकडा ३८. मात्र वर्षभरानें पालकांमधील हा फरक बराच ओसरला. उजळणीवांचून विद्या टिकत नाहीं, हें थोरांसही लागू आहे!

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, एखादा उपाय कानीं आला म्हणजे मुलांस घेऊन तीन प्रश्न विचारावे. हा उपाय कशाशीं ताडून पाहिला? ज्यांची तुलना केली ते लोक सारखे होते काय? ते पुरेसे होते, कीं एकदोघांचा अनुभवच पुरावा म्हणून पुढें केला आहे? उत्तर न मिळालें तर त्या उपायावर विसंबूं नये, आणि डॉक्टरांकडे जाण्यास विलंब तर मुळींच लावूं नये. भाजल्यास शेण नव्हे, वाहतें थंड पाणी सुमारें वीस मिनिटें सोडावें, आणि मुलानें “हें कशावरून?” असें विचारलें तर त्यास उद्धट म्हणून गप्प बसवूं नये. तो प्रश्नच उद्यां घरांतील एखादा जीव वांचवील.